मानाचे पान आणि शिदोरी

स्पेनमधील बिल्बाओ येथील गुगेनहाइम हे समकालीन कलेचे नामांकित संग्रहालय. तेथे २०११ मध्ये ‘नेरुआ’ हे उंची उपाहारगृह सुरू झाले. पाककला हीदेखील कलाच आहे. चित्र-शिल्पांच्या पंगतीत तिला मानाचे पान मिळावे, हे योग्यच होय. परंतु ज्याला असे ताट परवडत नाही, त्याने उपाशीपोटी चित्रे पाहावीत काय?

लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकातच आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने याचा विचार केला होता. कष्टकऱ्यांना कामानंतर येता यावे, म्हणून ते गॅसच्या दिव्यांत संध्याकाळीही उघडे राही आणि उपाहारगृहात कामगारांसाठीही सोय असे. कलेचे दार खरोखर सर्वांना खुले ठेवायचे असेल, तर मेजवानीच्या दालनाबरोबर शिदोरी सोडण्यापुरती सावलीही तेथे हवी.