साडेतीन वर्षांनी

तोक्योत राहत होते तेव्हाची गोष्ट. २०१३ सालचा उन्हाळा. घरमालकीणबाईंनी जिन्यातच गाठलं. "तुमच्याकडचा 'सगळं नक्की नीट होईल' पाहिलास का? नवीनच लागलाय." मला कळेचना. मग तीन मित्र, इंजिनिअरिंग कॉलेज, खडूस प्रिन्सिपॉल असं त्या सांगायला लागल्या आणि ट्यूब पेटली. थ्री इडियट्स! आपल्याकडे डिसेंबर २००९ मध्ये येऊन, टीव्हीवर पुन्हापुन्हा लागून शिळा झालेला. बाई मात्र डोळे पुसत सांगत होत्या.

इतका उशीर का, असं विचारलं की पहिलं उत्तर मिळतं ते भाषांतराचं. ते काम अवघड आहे हे खरंच. जपानी सबटायटलचा रूढ दंडक सेकंदाला चार अक्षरांचा, त्यामुळे भराभर बोलणाऱ्या आपल्या पात्रांचं निम्मं बोलणं गळून जातं. (चतुरच्या भाषणाचं काय केलं असेल देव जाणे.) पण हे काम काही आठवड्यांचं, वर्षांचं नव्हे.

अंतर म्हणाल, तर तेही नाही. तोक्योलगतच्या कावागुचीत आपल्या लोकांसाठी नवे तमिळ, तेलुगू, हिंदी सिनेमे इंग्रजी सबटायटलसकट लागतात. एखाद-दुसरा खेळ, पण भारतात लागल्यावर थोड्याच दिवसांत. म्हणजे सिनेमा समुद्र ओलांडून वेळेवर पोचतो. कावागुचीहून शेजारच्या जपानी माणसापर्यंत जायला त्याला वर्षं लागतात!

कारण तो कोणीतरी विकत घ्यावा लागतो. हक्कांचे पैसे, पोस्टर, जाहिरात, आणि थिएटरात विकायची ती सुंदर छापील पुस्तिका. तोहो, शोचिकु या कंपन्या सिनेमे काढतात आणि थिएटरंही त्यांचीच, मग उरलेल्यांनी छोट्या थिएटरांच्या तारखा धरायच्या. साहजिकच वितरक आधी दुसरीकडचा निकाल बघतो. कधी तर कोणाच्या नजरेसच पडत नाही. रजनीकांतचा १९९५ चा 'मुथू' १९९८ मध्ये शिबुयाच्या सिनेमा राइझमध्ये लागला आणि तुफान चालला, तो जुन एदोकी या समीक्षकाला सिंगापूरमध्ये सापडला म्हणून. त्यांची ती सिंगापूरवारी हुकली असती तर? उलट 'बाहुबली'मुळे राजामौलींना तिथे आधीच प्रेक्षक होता, तर मार्च २०२२ चा 'आरआरआर' ऑक्टोबरात पोचलाही.

हा उशीर मी समजू शकते. पैशाचा उशीर आहे, त्यात लबाडी नाही. आणि उशिरा येणारा सिनेमा निदान नीट आणला जातो.

'ओपनहायमर'चा उशीर मात्र मला पटला नाही. २१ जुलै २०२३ ला अमेरिकेत आणि आपल्याकडे लागलेला हा सिनेमा जपानात २९ मार्च २०२४ ला लागला, ऑस्कर वाटून झाल्यावर. तोही एका छोट्या स्वतंत्र वितरकाने आणला. ज्यांच्यावर बॉम्ब पडला त्यांनाच जगाच्या मागून! लोकांना दुखेल, म्हणून थांबायचं? दुखेल की नाही हे तिकीट काढणाऱ्याला ठरवू द्यावं. उलट बाजूलाही हेच झालंय. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांच्या भीतीतून जन्मलेला १९५४ चा 'गोजिरा' अमेरिकेने १९५६ मध्ये पाहिला तो कापून, मध्ये रेमंड बर नावाचा हॉलिवूडचा नट घुसवून. मूळ सिनेमा तिथल्या थिएटरांत रीतसर लागायला २००४ उजाडलं.

एप्रिलमध्ये बाईंचा फोन आला (मी पुण्याला परतून बरीच वर्षं झालीत). 'ओपनहायमर' पाहून आल्या होत्या. कसा वाटला ते सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कधी लागला होता?"

"जुलैत."

"तू पाहिलास?"

"पहिल्याच आठवड्यात."

मधल्या काळात आमचे चार-पाच फोन तरी झाले होते. हवा, गुडघे, आंब्याचं लोणचं, सगळं बोलून झालं होतं. तो विषय मी काढलाच नव्हता. त्यांना कसं वाटेल, म्हणून.

"मग आठ महिने बोलली का नाहीस?" बाई म्हणाल्या.