‘ओएमजी’ नको, ‘छावा’ चालेल?

थेट मुद्द्यावर येते. 2025 चा फेब्रुवारी आठवा. 14 तारखेला ‘छावा’ लागला आणि व्हॅलेंटाइन डे बिचारा बाजूलाच पडला. ऑफिसांमधल्या टीमच्या टीम निघाल्या, फर्स्ट शोसाठी कोणाकोणाला अचानक ‘व्हायरल फीव्हर’ झाला. आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच टाइपचे व्हिडिओ फिरायला लागले. सिनेमा संपलाय, थिएटरमधले दिवे लागलेत आणि पाच-सहा वर्षांचं एखादं पोर हमसून हमसून रडतंय. बाजूला आईबाबा डोळे पुसताहेत. समोरून कोणीतरी शूट करतंय. खाली कमेंट्समध्ये जोडलेले हात आणि एकच शब्द, ‘संस्कार’.

संस्कार असतीलही. मला मात्र भलताच प्रश्न पडला. ज्या पिढीतले आईबाबा ‘बागुलबुवा येईल हं’ असं म्हणायलाही घाबरतात (चाइल्ड सायकॉलॉजी, यू नो!), त्यांनी त्याच पोराला मांडीवर बसवून डोळ्यांत तापलेल्या सळया जाताना दाखवल्या? तेही भल्या मोठ्या स्क्रीनवर, डॉल्बी साउंडमध्ये?

बरं, सेन्सॉर बोर्डाने सांगितलं नव्हतं असंही नाही. ‘छावा’ला सर्टिफिकेट होतं ‘यूए 16+’. हा प्रकार नवा आहे. 1983 पासून आपल्याकडे एकच ‘यूए’ होतं, बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या सल्ल्याने दाखवा म्हणणारं. 2023 मध्ये कायदा बदलला, 2024 मध्ये नवे नियम आले आणि ‘यूए’चे तीन तुकडे झाले : 7+, 13+ आणि 16+. पण गंमत पुढेच आहे. हे आकडे म्हणजे सल्ला, सक्ती नाही. डोअरकीपर अडवणार तो फक्त ‘ए’ सिनेमाला. बाकी ठरवायचं आईबाबांनी. म्हणजे ‘मुलांना काय दाखवू नये’ हा प्रश्न सरकारने रीतसर घरी पाठवून दिलाय.

आणि घरात त्याचं उत्तर कसं ठरतं? ‘छावा’चंच उदाहरण घ्या. रिलीजच्या आधी, जानेवारीत ट्रेलर आला तेव्हा वाद झाला होता. कशावरून? संभाजीमहाराज लेझीम खेळतात त्यावरून! महाराज नाचताना दाखवले म्हणून आक्षेप आले, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो सीन काढून टाकला. छळाच्या सीनवरून मुलांच्या काळजीने कोणी मोर्चा काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. लेझीम गेली, सळया राहिल्या.

आता दुसरं चित्र. माझं गाव तळोदा. (‘म्हणजे गुजरातमध्ये ना?’ हा प्रश्न पुण्यात मला महिन्यातून एकदा तरी येतोच. नाही हो. 1998 पर्यंत धुळे जिल्हा, मग नंदुरबार. महाराष्ट्रच. फक्त शॉपिंग सुरतला.) तिथे माझा मोठा चुलतभाऊ राहतो. दादाचं खत-बियाण्याचं दुकान, गळ्यात तुळशीची माळ, संध्याकाळी घरात हरिपाठ. अतिशय प्रेमळ माणूस. त्याने ‘छावा’ दाखवायला अख्खं घर गाडीत घालून सुरतला नेलं. पाच वर्षांची पुतणीही होती. त्यानंतर पंधरा दिवस ती लाइट लावून झोपत होती, हे वहिनीने मला नंतर हळूच सांगितलं.

याच घरात ‘पीके’ आणि ‘ओएमजी’ बंद आहेत. सक्त बंद. का, तर तेरा वर्षांच्या पुतण्याने कुठल्यातरी रीलमध्ये ‘पीके’चा तुकडा बघितला आणि शुक्रवारी उपास धरून देवापुढे बसलेल्या आजीला म्हणाला, “आजी, राँग नंबर.” मोठी आई काही बोलली नाही, उठून आत गेली. दादाचं डोकं सटकलं. मोबाइल जप्त, टीव्हीला लॉक. (त्या लॉकचा पिन कोणी सेट करून दिला? पुतण्यानेच. दादाला ते सेटिंग सापडत नव्हतं. आता बोला!)

मला दादाची बाजू कळते. शहरात बसून ‘काय हे बुरसटलेले लोक’ म्हणणं फार सोपं असतं, आणि आपल्यापैकी बरेचजण कॅन्टीनमध्ये बसून तेच म्हणतात. पण त्या घरात देव म्हणजे चर्चेचा टॉपिक नाही. देव म्हणजे पहाटेची आंघोळ, ताटातला नैवेद्य, मोठ्या आईचा उपास. तेरा वर्षांच्या पोराने दीड मिनिटाच्या क्लिपवरून त्याची टिंगल केली, तर बापाला लागणारच. दादा मला म्हणाला, “प्रश्न विचारू दे ना, मी कुठे नाही म्हणतो? पण हा विचारत नाहीये गं, हा हसतोय.” आणि हा फरक खरा आहे.

फक्त एकच अडचण आहे. पुतण्या हसला ते सिनेमा बघून नाही, सिनेमाचा तुकडा बघून. अख्खा ‘पीके’ बघितला असता तर त्याला कळलं असतं की तो परग्रहावरचा वेडा माणूस देवाला हसत नाही. तो घरी परत जायचा रिमोट मिळावा म्हणून दारोदार, देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात देवाला शोधत फिरतो, रडतो. राँग नंबर तो म्हणतो मधल्या एजंटांना. 2014 मध्ये या सिनेमावर ठिकठिकाणी निदर्शनं झाली, काही ठिकाणी थिएटरं फोडली. त्यातल्या किती जणांनी तो बघितला होता, कोण जाणे. बंदी घालणाऱ्या माणसाने तो सिनेमा बघितलेला नसणं हा आपल्याकडचा नियमच दिसतो. दादानेही बघितला नव्हता.

हे फक्त आपल्याच घरांत होतं असं समजू नका. 2006 मध्ये ‘द दा विंची कोड’ आला तेव्हा सेन्सॉरने ‘ए’ दिलं, ‘सगळं काल्पनिक आहे’ अशी पाटी लावायला लावली, तरीही गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. पुढच्या वर्षी अमेरिकेत ‘द गोल्डन कंपास’ या मुलांच्या फँटसीवर कॅथलिक लीगने बहिष्कार पुकारला. त्यांचा युक्तिवाद मला इंटरेस्टिंग वाटतो. सिनेमातून धर्मावरची टीका बरीचशी पुसलेलीच आहे, हे त्यांनाही मान्य होतं. भीती ही होती की सिनेमा आवडला म्हणून मुलं ज्या पुस्तकांवरून तो काढला ती मागतील. म्हणजे सिनेमा नुसता गळाला लावलेला किडा! पालकांना खरी भीती पडद्यावरच्या गोष्टीची नसते, ती घरी आल्यावर पोर काय मागेल, काय विचारेल याची असते.

पण सिनेमा घरात घुसून श्रद्धा हलवू शकतो, तर तो श्रद्धा आणूही शकतो ना? इथे आमच्या मोठ्या आईची एंट्री. तिचा शुक्रवारचा उपास, गूळ-चणे, आंबट वर्ज्य, हे सगळं आमच्या घराण्यात पूर्वी नव्हतंच. मी एकदा विचारलं, “मोठी आई, संतोषीमाता आपल्याकडे आली कुठून गं?” ती सहज म्हणाली, “पिक्चरमधून.” लग्नाआधी मैत्रिणींबरोबर बघितला होता. 1975 चा ‘जय संतोषी माँ’. त्याच वर्षी ‘शोले’ आणि ‘दीवार’ आले होते आणि त्यांच्या शेजारी या लो बजेट सिनेमाने जोरात धंदा केला. बायका थिएटरबाहेर चपला काढून आत जायच्या, पडद्यावर फुलं आणि नाणी उधळायच्या, आरती करायच्या. व्रत आधीही होतं, छोट्या पोथ्यांमधून फिरायचं, पण ते गावोगावच्या घरांत पोचवलं सिनेमाने. ज्या उपासावरून पोराने ‘राँग नंबर’ म्हटलं, तो उपासच सिनेमाची देन! मोठ्या आईला यात काही विचित्र वाटत नाही. ती म्हणते, “पिक्चरमध्ये देव दिसला तर पाया पडायचं, नाही दिसला तर घरी यायचं.”

आता तळोद्याची अजून एक गोष्ट सांगते, कारण ती इथे अगदी फिट बसते. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमाराला आमच्या गावातून माणसांचे जथे सातपुड्यात निघतात, अस्तंब्याच्या शिखराकडे. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातून लोक येतात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. तोच तो, महाभारतातला. ज्याने रात्री छावणीत घुसून द्रौपदीची झोपलेली पाच मुलं मारली. ज्याने उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं. ज्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला आणि जो ती भळभळती जखम घेऊन अजून सातपुड्यात फिरतो, तेल मागतो. आमच्याकडची पोरं ही गोष्ट चड्डीत असल्यापासून ऐकतात. ‘यूए’ कितीचं सर्टिफिकेट द्याल हिला? झोपलेल्या लेकरांची हत्या, आणि हत्या करणाऱ्याचीच यात्रा! वादग्रस्त म्हणावं तर याहून वादग्रस्त काय असणार?

पण तळोद्यातली पोरं त्याने बिघडली नाहीत. कारण ती गोष्ट सांगायला कोणीतरी असायचं. मला आजोबांनी सांगितली होती, अंगणात, खाटेवर. मी विचारलं होतं, “त्याने मुलांना मारलं, मग लोक त्याच्याकडे कशाला जातात?” आजोबा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “त्याला अजून दुखतं ना, म्हणून.” त्यांनी उत्तर दिलं की टाळलं, मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण विचारल्याबद्दल कोणी माझा मोबाइल जप्त केला नव्हता. (तेव्हा नव्हताच, तो भाग वेगळा.) 2024 मध्ये ‘कल्की’ आला आणि अमिताभला अश्वत्थाम्याच्या रूपात बघून आमच्या गावची पोरं ओरडली असतील, ‘अरे, हा तर आपला!’

तर माझं मत विचाराल तर, आईबाबांनी ‘आत्ता नाही’ म्हणावं. बिनधास्त म्हणावं. तो त्यांचा हक्क आहे आणि ड्यूटीही. पण रेघ कुठे मारताय ते तरी बघा! पाच वर्षांच्या मुलीला छळाचा सीन झेपत नाही, तो धर्मासाठी सोसलेला असला तरी झेपत नाही. तिच्या मेंदूला इतिहास कळत नाही, सळई कळते. आणि तेरा वर्षांच्या मुलाला प्रश्न झेपतो. पचतो की नाही, हे शेजारी कोण बसलंय यावर. आपण नेमकं उलटं करतो. देवावर शंका घेणारा सिनेमा डेंजरस, आणि रक्तबंबाळ सिनेमा संस्कार.

आणि हे फक्त दादाच करतो असं नाही, सिस्टिमही करते. 11 ऑगस्ट 2023, एकाच दिवशी दोन सिनेमे लागले. एक ‘गदर 2’, सगळ्या हाणामाऱ्यांसकट ‘यूए’. दुसरा ‘ओएमजी 2’. त्यात काय आहे? शाळेतल्या मुलाचा व्हिडिओ व्हायरल होतो, शाळा त्याला काढून टाकते आणि त्याचा शिवभक्त बाप, भस्म लावणारा, नमस्कार करणारा साधा माणूस, शाळेत लैंगिक शिक्षण हवं म्हणून कोर्टात जातो. सेन्सॉरने अक्षयकुमारला शंकराचा शिवदूत करायला लावला आणि वर सर्टिफिकेट दिलं ‘ए’. ज्या वयाच्या मुलांसाठी सिनेमा काढला, त्यांनाच दारात अडवलं!

मराठीतही हेच. 2017 चा ‘दशक्रिया’ बघितलाय? पैठणचा घाट, आणि तिथे राखेतून नाणी वेचणारा एक शाळकरी पोरगा. बाबा भांडांच्या कादंबरीवरचा, सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. पुरोहितांच्या संघटनांनी विरोध केला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेलं, याचिका फेटाळली गेली. मोठ्यांची भांडणं जोरात झाली. त्या पोराच्या वयाच्या किती मुलांनी तो बघितला? तुम्ही तुमच्या भाच्याला दाखवलात?

हो, भाच्याला. कारण आपल्यापैकी बहुतेकांना अजून मुलं नाहीत, पण भाचे-पुतणे आहेत आणि ओटीटीचे पासवर्ड आपलेच आहेत. 2021 च्या नियमांनी या प्लॅटफॉर्म्सना 13+ आणि त्यापुढच्या कंटेंटला पॅरेंटल लॉक देणं बंधनकारक केलंय. तुमच्या अकाउंटला आहे का ऑन? मी दादाला पासवर्ड दिला तेव्हा आमच्या घरातली सेन्सॉर बोर्ड मीच झाले होते.

म्हणून गेल्या महिन्यात दादाला सांगितलं, “तू आधी एकटा बघ. मग ठरव. नाही आवडला तर बंद ठेव, मी एक शब्द बोलणार नाही.” तो काही बोलला नाही. परवा व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज आला, मागे दुकानात गिऱ्हाइकाचा आवाज : “अर्धा झालाय. तो रिमोट सापडतो का गं शेवटी? सांगू नको, सांगू नको. रविवारी पोराला घेऊन पुढचा बघतो. आई पण बसते म्हणतेय.”