क्लॉक रेट ६४०००!

मित्रांनो, नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, "दोन राउटर सिरीयल केबलने जोडले, आता काय टाईप करायचं?" उत्तर लगेच येईल, "क्लॉक रेट ६४०००!" मग विचारा, "का?" झालं, शांतता! फार तर कुणी म्हणेल, "जर्नलमध्ये तसंच आहे." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे याला 'बाय हार्ट करणं' म्हणायचे, मराठीत घोकंपट्टी म्हणतात. भाषा बदलली तरी रोग तोच!

गंमत अशी, की आपण पाठ केलेली ही कमांड खऱ्या लीज्ड लाईनवर सहसा लागतच नाही. लीज्ड लाईन म्हणजे दोन ठिकाणांमध्ये फक्त आपल्यासाठी राखून ठेवलेली भाड्याची लाईन. २००० नंतरच्या दशकात बँकांच्या शाखा मुख्य सर्व्हरला जोडल्या गेल्या, त्यात अशा लाईनचा मोठा वाटा होता. बीएसएनएलसारखी कंपनी ग्राहकाकडे मोडेम बसवायची आणि त्यातून व्ही.३५ केबल राउटरच्या सिरीयल कार्डाला यायची. बिट कुठल्या वेगाने पाठवायचे, ते मोडेम ठरवणार. राउटरने मुकाट्याने त्याच्या तालावर चालायचं. लॅबमध्ये मोडेमही नाही आणि एक्स्चेंजही नाही, म्हणून एका राउटरला मोडेमचं सोंग घ्यावं लागतं. क्लॉक रेट म्हणजे ते सोंग! एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर कमांड पाठ करायची गरजच पडली नसती.

दुसरी गोष्ट टी-१ ची. अमेरिकन पुस्तकं वाचून आपण १.५४४ एमबीपीएस आणि २४ चॅनेल धडाधड सांगतो. पण टी-१ अमेरिकेची. भारतात ई-१ चालते. तिच्यात ६४ केबीपीएसचे ३२ टाईमस्लॉट, एकूण २.०४८ एमबीपीएस. शून्य नंबरचा स्लॉट फ्रेमिंगसाठी जातो, म्हणजे डेटाला उरले ३१. सिस्कोच्या २८०० सिरीजच्या राउटरमध्ये बसणारी काही मल्टिफ्लेक्स ट्रंक कार्डं टी-१ आणि ई-१ दोन्हीला चालतात. तिथे आधी 'कार्ड टाईप ई-१' असं सांगावं लागतं. मग फ्रेमिंग सीआरसी-४ आहे की नाही, लाईन कोड एचडीबी-३ आहे ना, कुठले टाईमस्लॉट घ्यायचे, हे सगळं समोरच्या टोकाशी जुळवायचं. आणि शेवटी पुन्हा तोच प्रश्न, घड्याळ कुणाचं? कंपनीची लाईन असेल तर सहसा दोन्ही टोकांना 'क्लॉक सोर्स लाईन'. दोन राउटर थेट जोडले असतील तर एका टोकाला 'इंटर्नल' आणि दुसऱ्याला 'लाईन'.

दोन्हीकडे 'इंटर्नल' ठेवलं तर काय होईल? इथेच खरी मजा आहे. लिंक चालू दिसते, पिंगही जातं. पण दोन घड्याळांत दशलक्षात फक्त एक भाग एवढा फरक असला, तरी सेकंदाला साधारण दोन बिटांची तफावत पडते. फ्रेम २५६ बिटांची, म्हणजे सुमारे सव्वाशे सेकंदांनी एक अख्खी फ्रेम घसरते! याला स्लिप म्हणतात. ग्राहक ओरडतो, "मधूनच अडकतं हो!" आणि इंजिनीअर सांगतो, "लाईन तर अप आहे, साहेब!" कंट्रोलरचे स्लिपचे आकडे वाचायला शिकलेला माणूस हा दोष पाच मिनिटांत पकडेल. न शिकलेला केबल बदलेल, मग कार्ड बदलेल, शेवटी राउटरच बदलेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की प्रॅक्टिकलमध्ये लिंक 'चालू करून दाखवा' असं सांगण्याऐवजी सरांनी मुद्दाम बिघडवलेली लिंक द्यावी. एकीकडे सीआरसी-४ चालू आणि दुसरीकडे बंद, किंवा एकीकडे पीपीपी आणि दुसरीकडे एचडीएलसी. विद्यार्थ्याने दोष शोधावा आणि कारण स्वतःच्या शब्दांत लिहावं. मार्क त्या कारणाला! खर्चही फार नाही. कंपन्यांनी काढून टाकलेले असे राउटर आणि कार्डं सेकंडहँड मिळतात. केबल तर आपण स्वतः बनवू शकतो. मात्र इथे इथरनेटची क्रॉस केबल चालत नाही. पिन १ ला ४ आणि २ ला ५ जोडायची.

कुणी म्हणेल, "अगं, ई-१ आता जुनी झाली! नव्या लीज्ड लाईन फायबरवर, इथरनेटवर येतात." मान्य. पण घड्याळाचा प्रश्न कुठे जुना झाला? ५-जीच्या टॉवरना एकमेकांशी मायक्रोसेकंदांच्या हिशोबात वेळ जुळवावी लागते आणि त्यासाठी इथरनेटवरून घड्याळ पाठवण्याची वेगळी तंत्रं काढावी लागली. कार्ड बदललं, पण तत्त्व तेच राहिलं. कमांड पाठ करणाऱ्याला प्रत्येक नवं कार्ड नव्याने पाठ करावं लागेल. 'का' समजलेल्याला फक्त मॅन्युअल उघडावं लागेल.

२०२० साली आपल्या पनवेलजवळ योट्टाचं एनएम-१ हे भलंमोठं डेटा सेंटर सुरू झालं. लोकलने तासन्‌तास लटकत न जाता घराजवळ काम मिळावं, असं आपल्यापैकी किती जणांना वाटतं! पण इंटरव्ह्यूला बसलेला माणूस जर्नलवरची सही बघणार नाही. तो विचारेल, "लाईन अप आहे, पण पॅकेट पडतायत. काय कराल?" तेव्हा "क्लॉक रेट ६४०००" म्हणून सुटका नाही. तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला सही घ्यायच्या आधी सरांना एकदा तरी विचारा, "सर, पण का?"