पर्याय कोणासाठी?

१९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गायीची कत्तल निषिद्ध ठरली. २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूही त्याच कक्षेत आले. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातील ज्या दलित स्वयंपाकघरांचे चित्र रेखाटले, तेथे ‘मोठ्याचे’ मांस हे स्वस्त प्रथिनांचे साधन होते. म्हशीचे मांस वैध राहिले हे खरे. तथापि उरलेली पोकळी कशाने भरावी, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला नाही.

बाजाराने तो केला, पण बर्गर खाणाऱ्यांसाठी. गोठवलेली वनस्पतिजन्य टिक्की मांसाची नक्कल करते आणि त्या नकलेचे मोल वसूल करते. वस्तुतः तिचा आधार बहुधा सोयाबीनच असतो, जे मराठवाड्याच्या शिवारात पिकते. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला सुमारे ५३. प्रथिने जवळजवळ ४० टक्के. (हा भाव शेतकऱ्याच्या पदरी पडतो काय, हा प्रश्न निराळा.) तेल काढलेल्या सोयाबीनची वडी गारखेड्यातील किराणा दुकानातही मिळते. ती गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळावी, कारण पाणी राहिले की टिक्की तव्यावर फुटते. मग वाटून, उकडलेला बटाटा, भाजलेले बेसन व मसाला मिसळून थापावी आणि मंद आचेवर भाजावी. तयार टिक्की घेणाऱ्याने वेष्टनावरील प्रथिने व मीठ यांचे आकडे आधी पाहावेत. पुष्कळदा आत बटाटाच अधिक निघतो.

ब-१२ जीवनसत्त्व मात्र सोयाबीन देत नाही. ते अंड्यातून मिळते, आणि शालेय पोषण आहारातील अंड्यांचा निधी राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला.