आपल्या थकव्याला कर्म म्हणणं पुरे झालं



गेला दीड महिना मी बी-१२चं औषध घेते आहे. आधी इंजेक्शनं झाली, आता रोज सकाळी एक गोळी. मी हे कुणापासून लपवलं नाही, त्यामुळे मढपासून ओतूरपर्यंत आपल्या बायकांकडून तीन वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकली. "या वयात थकवा यायचाच." "अशाता वेदनीय कर्म आहे, भोगून संपवायचं." "औषधात काय काय घालतात, कुणास ठाऊक!" बोलणाऱ्या सगळ्या मायेच्या आहेत. पण या वाक्यांनी बायका वर्षानुवर्षं अंगावर दुखणं काढतात, म्हणून आज त्यांच्याशी भांडायचं आहे.

आधी वयाचं बघू. बी-१२ हे जीवनसत्त्व रक्त तयार व्हायला आणि मज्जातंतू नीट राहायला लागतं. ते भाजीत, फळात, डाळीत, धान्यात नसतं. आपल्या ताटात ते येतं दूध, दही, ताकातूनच, आणि घरात दूध सगळ्यांना देऊन उरलं तर बाईला. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. मी बी.कॉम. झालेली, मला हे हिशोबाच्या वहीसारखं दिसतं. जमा कमी, खर्च रोजचा, पण जुनी शिल्लक आहे तोवर दुकान चालू दिसतं. साठीकडे अनेकांच्या पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ नीट शोषलं जात नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन अनेक वर्षं चालू असेल तर आणखी घट होते. म्हणजे वयाचा संबंध आहेच. मग वय वाढलं की तपासणी करायची, की गप्प बसायचं?

आणि हे फक्त आपल्यासारख्या आजींचं दुखणं आहे असं समजू नका. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांचा अभ्यास सुरू केला. त्यात ६० टक्क्यांहून जास्त गर्भवतींमध्ये बी-१२ कमी निघालं. २००६ साली त्यांच्याच गटाने पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ६७ टक्के पुरुषांमध्ये ते कमी होतं, आणि शाकाहारी माणसांना धोका चौपटीहून जास्त होता. आपल्या सुना-लेकी याच मातीत, याच ताटावर वाढल्या आहेत.

"माझं हिमोग्लोबिन बारा आहे, मला काय झालंय?" असंही एकीने विचारलं. हिमोग्लोबिन ठीक असूनही बी-१२ कमी असू शकतं. पायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा, तोल जाणं, ही त्याची लक्षणं असू शकतात. फार काळ दुर्लक्ष केलं तर मज्जातंतूंचं नुकसान पुन्हा भरून येईलच असं नाही.

आता कर्माचं. कर्मसिद्धांत मी मानते. पण घरातल्या पुरुषाच्या ब्लडप्रेशरच्या गोळीची वेळ आपण कधी चुकवत नाही, तेव्हा कर्म कुठे जातं? त्यांचं दुखणं डॉक्टरांचं आणि आपलं तेवढं कर्माचं, अशी वाटणी कुठल्या आगमात आहे? साध्वीजी आजारी असल्या तर आपण भक्तीने औषध वहोरावतो आणि त्यात पुण्य मानतो. आपल्या पच्चक्खाणांतही आगार आहेत, म्हणजे आधीच ठेवलेली सूट. त्यातला एक आगार समाधी टिकावी म्हणूनच आहे, तीव्र आजारात औषध घेता यावं यासाठी. ज्यांनी इतके कडक नियम बांधले, त्यांनी शरीराचा विचार केला होता. थकून सामायिकात डुलक्या काढण्याला तप म्हणत नाहीत.

तिसरा प्रश्न मात्र रास्त आहे. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. पण वनस्पतीपासून केलेल्या सेल्युलोजचं कवचही मिळतं, आणि साध्या गोळीला कवच लागतच नाही. औषधातलं बी-१२ मांसातून काढत नाहीत. ते कारखान्यात जिवाणूंकडून आंबवून तयार होतं. जिवाणूंचा प्रश्न ज्यांना पडेल, त्यांनी आपण मर्यादा पाळून दही खातोच हे आठवावं, आणि तरी शंका राहिली तर महाराजसाहेबांना विचारावं. खाद्यपदार्थावर हिरवा ठिपका सक्तीचा आहे, औषधावर नाही. याबद्दल रागवायचं तर कंपन्यांवर आणि सरकारवर रागवा, औषधावर हिरवा ठिपका मागा. तोवर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मी जैन आहे, जिलेटिन नसलेलं लिहून द्या." दुकानदाराला विचारायला लाजू नका. शंकेपोटी औषधच सोडून देणं हा मार्ग नव्हे.

मला फरक पडला का? दुपारी आडवं पडल्यावाचून आता दिवस निघतो. पायांच्या मुंग्या अजून आहेत. याहून मोठा दावा मी करणार नाही. माझी गोळी मागायलाही येऊ नका. तुमचा थकवा लोहाच्या कमतरतेचा असेल, थायरॉइडचा, साखरेचा, झोपेचा किंवा मनाच्या उदासीचाही असेल. तपासल्याशिवाय कळत नाही. ताकदीच्या पावडरींचे डबे विकणाऱ्या वहिनींनाही ते कळत नाही.

तपाला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच, की अठ्ठाई किंवा वर्षीतप घ्यायच्या आधी रक्त तपासून घ्या. रोजची एक गोळी नवकारशीनंतर सहज बसते, चोविहाराला धक्का लागत नाही. उपवासाच्या दिवसाचं काय, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

ओतूरला किंवा जुन्नरला जाऊन रक्त द्यायला अर्धा दिवस जातो. लग्नाच्या खरेदीला आपण दोन-दोन दिवस काढतो. आपल्या कपाटात घरातल्या पुरुषांच्या रिपोर्टांच्या जाड फायली आहेत, त्या आपणच नीट लावून ठेवलेल्या. या चातुर्मासाच्या आधी तिथे आणखी एक फाइल ठेवा, आणि तिच्यावर स्वतःचं नाव लिहा.