ओंडका लेथवर चढवायची मजुरी आधी वहीत लिहा



लाकडाच्या लेथवरचा व्हिडिओ टाकल्यापासून चिखली, मेहकर, मोताळा, खामगाव अशा सगळीकडून फोन येतायत. एका तरुणाने थेट विचारलं, "सर, मशीन तं घेतली. बांधावरच्या बाभयीचा बुंधा पडेल हाये. त्याचा मोठा बाउल कसा काढू मंग?"

मी म्हणालो, "चार दिवस थांब. आधी वही काढ."

त्याला वाटलं, सर विषय टाळतायत. पण माझं मत पक्कं आहे. मोठा, वेडावाकडा ओंडका मशीनवरून उडतो, त्याची सुरुवात बहुतेक वेळा हिशोबाच्या वहीत झालेली असते. आपण बाउलची किंमत काढताना फक्त कातण्याचे तास धरतो. ओंडका निवडणं, तासणं, चढवणं, तपासणं यात गेलेला वेळ कुणी लिहीतच नाही. मग तो वेळ "फुकट गेला" असं वाटतं, आणि माणूस नेमकी तिथेच घाई करतो.

समजा, तयारीला आणि चढवायला दीड तास लागला, कातायला दोन तास. तुमची मजुरी तासाला १५० रुपये धरली तर मेहनत ५२५ रुपयांची झाली. तुम्ही ३०० च लावले. उरलेले २२५ रुपये भरून काढायला पुढच्या ओंडक्याला दीड तासाचं काम पंधरा मिनिटांत उरकता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! फक्त इथे मार गुडघ्याला नाही, तोंडाला बसतो.

माझ्या शेडमधला पोचा

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या काळात मी एक १४ इंची कडुनिंबाचा ओंडका चढवला होता. आदल्या दिवशी लाटणी केली होती, त्यामुळे पट्टा वरच्या वेगाच्या पुलीवर तसाच होता. मी बघितलंच नाही. बटण दाबलं आणि पटाशी घ्यायला बाजूला वाकलो. ओंडका स्क्रूसकट निघाला आणि वरच्या टिनावर आदळला. मी वाकलो नसतो तर आज हा लेख लिहायला नसतो. तो पोचा मी मुद्दाम ठोकून काढलेला नाही. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी तोच दाखवतो.

आता गणित बघा. १६ इंच रुंद आणि ८ इंच उंच ओला ओंडका सहज २०-२५ किलोचा भरतो. तो १००० आरपीएमवर फिरला की त्याची कड ताशी ७५ किलोमीटरने धावते. आपल्या मोटारसायकलचा हायवेवरचा वेग.

आणि ओंडका वेडावाकडा असेल तर? धरा, एका बाजूला फक्त १ किलो वजन जास्त आहे, मध्यापासून १५ सेंटीमीटरवर. ३०० आरपीएमला ते मशीनला साधारण १५ किलोने ओढतं, ६०० ला ६० किलोने आणि १००० ला जवळपास १७० किलोने. वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते. ही ओढ प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलते. स्क्रू ढिले होतात ते याच्यामुळेच.

जमिनीवरचं काम जमिनीवरच करा

काही जण म्हणतात, "आमच्या गावचे मेस्त्री कुठे एवढं बघत होते?" बघत होते ना! बैलगाडीच्या चाकाचा तुंबा बाभळीचाच असायचा. पण ते आधी वाकसाने तासून त्याला जवळपास गोल करायचे, मग कातायचे. शिवाय त्यांचं कातणं हाताच्या, दोरीच्या जोरावर चालायचं. आपल्याकडे मोटर आली आणि आपण तासणं सोडून दिलं.

म्हणून माझा क्रम असा आहे:

१. ओंडका निवडा. आरपार तडा, सैल साल, कुजलेला भाग असेल तर तो जळणात टाका. रस्त्याकडेच्या कडुनिंबात पाटीचे खिळे आणि बांधावरच्या बाभळीत तार सापडते. कापण्याआधी चुंबक फिरवून बघा, पण खोल गेलेला खिळा त्याला कळत नाही, म्हणून डोळेही उघडे ठेवा.

२. आरामशीनवर किंवा चेन सॉने कोपरे उडवून तो आठकोनी करून घ्या. जितकं लाकूड जमिनीवर निघेल तितका मशीनवरचा धोका कमी.

३. फेसप्लेट बसते ती जागा रंध्याने सपाट करा. प्लेट डगमगली तर स्क्रू कितीही आवळा, उपयोग नाही. स्क्रू जाड, लाकडाचेच घ्या. पीओपीच्या कामातले काळे बारीक स्क्रू ठिसूळ असतात, झटक्यात तुटतात. प्लेटची सगळी भोकं भरा. स्क्रू किमान इंच-सव्वा इंच चांगल्या लाकडात गेला पाहिजे, सालीत नाही. आणि बुंध्याच्या ज्या कापलेल्या टोकावर वर्तुळं दिसतात, त्या बाजूला स्क्रूची पकड कमी असते. माझ्या कडुनिंबाचं दुसरं कारण हेच होतं.

४. ओंडका गोल होईपर्यंत टेलस्टॉकचा टेकू काढायचा नाही. जबड्यांचा चक नंतर, गोल झालेल्या लाकडाला खुंटी काढल्यावर. कच्च्या सालीवर चक आवळणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

५. बटणाआधी ओंडका हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. टूल रेस्टला कुठे लागतो का बघा. पट्टा सगळ्यात कमी वेगावर आहे का बघा. मग ओंडका फिरतो त्या रेषेतून बाजूला उभे राहून चालू करा. मशीन थरथरली तर बंद. वेग वाढवून थरथर "निघून जाईल" ही आशा सोडा. पाच-दहा मिनिटांनी मशीन बंद करून स्क्रू पुन्हा आवळा.

वेगासाठी कारागीर एक ढोबळ नियम वापरतात: इंचातला व्यास गुणिले आरपीएम ६००० ते ९००० च्या मध्ये ठेवायचं. १६ इंचाला ते ३७५ ते ५६० येतं. पण हा नियम गोल झालेल्या लाकडाचा. वेडावाकड्याला त्याहून खालून सुरुवात.

मशीन घेताना आणि जोडताना

दुकानात सगळे विचारतात, "जास्तीत जास्त वेग किती?" तुम्ही विचारा, "कमीत कमी किती?" काही छोट्या, स्वस्त मशीनचा सगळ्यात खालचा वेगच ५००-७०० असतो. त्यावर मोठा ओंडका चढवायचाच नाही. त्यावर लाटणं, रवी, छोट्या वाट्या करा. सावंतवाडीच्या कारागिरांनी छोट्या कातीव खेळण्यांवर आणि लाकडी फळांवर नाव कमावलं. धंदा मोठ्या लाकडावरच उभा राहतो असं कुठेही लिहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. लाईट जाते आणि येते. बटण चालूच राहिलं, तुम्ही ओंडक्यावर हात ठेवून बघताय आणि लाईट आली, तर? म्हणून लाईट गेल्यावर स्वतः बंद होणारा नो-व्होल्टचा स्टार्टर लावा. आणि शेतातल्या पंपाला आपण जो ऑटो लावतो, तो लेथला चुकूनही लावू नका.

पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत कर्ज मिळतं. बरेच जण तिथे धावतात, चांगलंच आहे. पण खरेदीच्या यादीत मशीनखाली लगेच फेस शील्ड, चांगली फेसप्लेट आणि स्टार्टर लिहा. मशीन चालवताना गळ्यात उपरणं, ओढणी, हातात कडं किंवा हातमोजे नकोत. मोकळे केस बांधून घ्या. साडी नेसून काम करणाऱ्या ताईंनी पदर खोचून त्यावर अंगाबरोबर बसणारं, तोकड्या बाह्यांचं ॲप्रन घालावं.

शेवटचं

कर्जाचा हप्ता महिन्याला येतो. हात गेला तर हप्ता थांबत नाही, कमाई थांबते. एकट्याच्या धंद्यात मालकही तुम्ही, कामगारही तुम्ही, बदली कुणी नाही.

म्हणून आज एवढंच करा. वहीत प्रत्येक वस्तूसमोर दोन रकाने पाडा: "चढवणं" आणि "कातणं". दोन्हींचे पैसे लावा. गिऱ्हाईक म्हणालं महाग आहे, तर छोटी वस्तू दाखवा, पण पहिला रकाना कापू नका. भाव कमी करायला दुसऱ्या शंभर जागा सापडतील.

त्या बाभळीवाल्या भावाने परवा वहीचा फोटो पाठवला. पहिल्या रकान्यात दोन तास लिहिलेत. मी म्हणालो, आता चढव.