संगणकाचे रक्षण हातांनी शिकवावे : माध्यमिक शिक्षा मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
माध्यमिक शिक्षा मंडळ, मध्य प्रदेश,
शिवाजी नगर, भोपाळ

विषय : हानिकारक सॉफ्टवेअरपासून संगणकाचे रक्षण करण्याचे प्रात्यक्षिक शिक्षण

डिसेंबर 2023 मध्ये मध्य प्रदेशाच्या ई-नगरपालिका पोर्टलवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. राज्यातील 413 नागरी संस्थांचे ऑनलाइन काम या एका पोर्टलवर अवलंबून होते. त्यामुळे मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले अशी रोजची कामे अडली. त्याच्या वर्षभर आधी, 23 नोव्हेंबर 2022 रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये पाच सर्व्हरवरची सुमारे 1.3 टेराबाइट माहिती अशाच सॉफ्टवेअरने कुलूपबंद केली होती आणि कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी कागदावर कराव्या लागल्या होत्या. दोन्ही वेळी फटका सरकारी यंत्रणेला बसला, पण खोळंबा झाला तो रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा. अशा हल्ल्यांना तोंड देणारी माणसे ऐन वेळी उभी करता येत नाहीत. त्यांची तयारी शाळेच्या संगणक प्रयोगशाळेत सुरू व्हावी लागते, आणि ती व्याख्या पाठ करून होत नाही.

हानिकारक सॉफ्टवेअर म्हणजे वापरणाऱ्याच्या संमतीवाचून त्याच्या यंत्रावर चालणारा आणि त्याचे नुकसान करणारा कोणताही प्रोग्रॅम. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून पसरतो. वर्म नेटवर्कमधून आपला आपण पसरतो. ट्रोजन उपयोगी प्रोग्रॅमचे सोंग घेतो, स्पायवेअर पाळत ठेवते, तर रॅन्समवेअर फाइली अडकवून खंडणी मागते. ही वर्गवारी एका तासिकेत शिकवून होते आणि उत्तरपत्रिकेत सहज लिहिता येते. मात्र आजचा एकच हल्ला ट्रोजन होऊन शिरतो, वर्मसारखा पसरतो आणि शेवटी खंडणी मागतो. म्हणून विद्यार्थ्याला नावांपेक्षा वाटा ठाऊक असणे जास्त गरजेचे आहे. हा प्रोग्रॅम कुठून आला, कोणी परवानगी दिल्यामुळे चालू झाला आणि त्याचा हात कुठवर पोचतो, हे त्याला कळायला हवे.

नेहरू नगर, कोटरा सुलतानाबाद आणि भदभदा रोडच्या परिसरात या वाटा शोधायला दूर जावे लागत नाही. परीक्षेचे आणि भरतीचे अर्ज एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर भरले जातात, प्रकल्पाची छपाई झेरॉक्सच्या दुकानात होते, आणि एकच पेनड्राइव्ह दुकान, घर आणि शाळा असा फिरत राहतो. पेनड्राइव्हमधून पसरणाऱ्या एका नेहमीच्या वर्मची रीत मुलांना सविस्तर समजावण्याजोगी आहे. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट त्या जागी ठेवतो. मुलगा शॉर्टकटवर दोनदा क्लिक करतो तेव्हा आधी वर्म चालू होतो आणि मग फोल्डरही उघडते. काम झालेले दिसते, त्यामुळे शंका येत नाही. चिन्हाच्या कोपऱ्यातला छोटा बाण पाहायची सवय लागली, तर ही युक्ती तिथेच फसते.

दुसरी वाट मोबाइलमधून येते. लग्नपत्रिका, वाहनाचे चलान किंवा सरकारी योजनेची यादी अशा नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल येते. ती बसवली की एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. परवानगी मिळाली की बँकेचे ओटीपी तिच्या हाती लागतात, आणि काही प्रकारांत तीच फाइल ओळखीच्या सगळ्यांना पुढे पाठवली जाते. ओळखीच्या नंबरवरून आलेली फाइल म्हणजे ओळखीच्या माणसाने पाठवलेली फाइल नव्हे. घरातल्या मोठ्यांना हे सांगण्याचे काम बहुतेक घरांत आठवी-नववीतली मुलेच करतात. म्हणून त्यांना ते नीट शिकवलेले असणे साऱ्या घराच्या हिताचे आहे.

पहिले प्रात्यक्षिक फाइलच्या खऱ्या नावाचे असावे. विंडोजमध्ये फाइलचे एक्स्टेन्शन मुळात लपवलेले असते. त्यामुळे 'फोटो.जेपीजी.ईएक्सई' ही फाइल 'फोटो.जेपीजी' अशी दिसते. 4 मे 2000 रोजी मनिलाहून जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' हा वर्म याच त्रुटीवर स्वार झाला होता. ईमेलला जोडलेल्या फाइलचे नाव मजकुराच्या फाइलसारखे दिसे, पण शेवटी असलेले 'व्हीबीएस' लपून राही आणि लोक तिला प्रेमपत्र समजून उघडत. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत एक्स्टेन्शन दाखवण्याची खूण करायला एक क्षण पुरतो. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक संगणकावर विद्यार्थ्यांनी ती स्वतः करावी. त्याबरोबरच मुलांचे खाते प्रशासकाचे नसून साधे असावे. साध्या खात्यातून चुकून चालू झालेला प्रोग्रॅम संपूर्ण यंत्राचा ताबा सहसा घेऊ शकत नाही.

अद्ययावत सॉफ्टवेअरचे महत्त्व सांगायला 'वॉनाक्राय' या वर्मइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. विंडोजमधल्या ज्या दोषातून तो शिरला, तो बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दिली होती. वर्म पसरला तो 12 मे रोजी. दरम्यानच्या जवळजवळ दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट केले नाही, त्यांत ब्रिटनची सरकारी रुग्णालये होती आणि आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही होते. अपडेट पुढे ढकलण्याची सवय किती महाग पडते, हे या दोन तारखा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या तरी मुलांना समजते. विंडोज 10 चा नियमित मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या शाळांपुढे हा प्रश्न आज उभा आहे आणि त्याचा विचार मंडळाने शिक्षण विभागाबरोबर करायला हवा. लिनक्स हा त्यावरचा एक व्यवहार्य उपाय आहे. केरळच्या सरकारी शाळांनी तो फार पूर्वी स्वीकारला.

अँटिव्हायरसबद्दल मुलांच्या मनात दोन टोके असतात : तो असला की काहीही उघडावे, किंवा तो यंत्र मंद करतो म्हणून काढून टाकावा. दोन्ही समज प्रात्यक्षिकाने जातात. त्यासाठी खरा व्हायरस वर्गात आणण्याची गरज नाही. आयकार नावाची 68 अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-ओळ आहे. ती नोटपॅडमध्ये लिहून जतन केली की जवळजवळ प्रत्येक अँटिव्हायरस धोक्याची सूचना देतो, कारण सर्वांनी ती ओळखायची असे ठरलेले आहे. ती ओळ झिप फाइलमध्ये, मग झिपच्या आत झिपमध्ये ठेवून पाहिली की अँटिव्हायरस केव्हा पकडतो आणि केव्हा उघडेपर्यंत थांबतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. ओळखीच्या खुणांवरून शोधणारे साधन नव्या, अनोळखी प्रोग्रॅमपुढे कमी पडू शकते, हेही तेव्हाच सांगावे.

हे क्षेत्र मराठी मुलांना परके नाही. 1990 च्या दशकात पुण्यात कैलास काटकर यांच्या दुरुस्तीच्या दुकानात व्हायरसने बिघडलेले संगणक येऊ लागले. तेव्हा संगणकशास्त्र शिकत असलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले. क्विक हील त्यातूनच उभी राहिली. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरहून आलेल्या, शालेय शिक्षणानंतर थेट कामाला लागलेल्या दुरुस्ती कारागिराने आणि एका विद्यार्थ्याने देशातली मोठी अँटिव्हायरस कंपनी घडवली, आणि त्याची सुरुवात समोर पडलेल्या बिघडलेल्या यंत्रापासून झाली.

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी धडा बॅकअपचा. एम्समध्ये ई-हॉस्पिटल या प्रणालीची माहिती परत मिळाली, ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा नियम मुलांना लगेच पाठ होतो. खरी परीक्षा मात्र परत आणण्याची असते. शिक्षकाने सूचना देऊन एखादे फोल्डर पुसावे आणि विद्यार्थ्यांनी ते ठरलेल्या वेळात बॅकअपमधून उभे करून दाखवावे. प्रत ठेवलेली डिस्क कायम संगणकाला जोडलेली असेल, तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करते. हे एकदा करून पाहिलेल्या मुलाला पुन्हा सांगावे लागत नाही.

यंत्राला लागण झालीच, तर आधी नेटवर्क तोडावे, शिक्षकाला कळवावे आणि घाईने फॉरमॅट करू नये, कारण वाट शोधायचे पुरावे त्यात असतात. खंडणी देऊ नये. युरोपोलच्या सहभागाने 2016 मध्ये सुरू झालेल्या 'नो मोअर रॅन्सम' उपक्रमात अनेक प्रकारच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या मोफत मिळतात. 2017 मध्ये सुरू झालेले केंद्र सरकारचे सायबर स्वच्छता केंद्रही सफाईची साधने विनामूल्य देते. पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. चूक कबूल करणाऱ्या मुलाला शिक्षा होणार नाही, हे शाळेने आधीच जाहीर करावे. भीतीने लपवलेली लागण सगळ्यात लांबवर पसरते.

रक्षण शिकवताना हल्ला किती शिकवावा, हा वाद जुना आहे. कॅनडाच्या कॅलगरी विद्यापीठाने 2003 मध्ये विद्यार्थ्यांना व्हायरस लिहायला लावणारा अभ्यासक्रम जाहीर केला, तेव्हा अँटिव्हायरस क्षेत्रातून कडाडून विरोध झाला. विद्यापीठाने तो बंद, नेटवर्कपासून तोडलेल्या प्रयोगशाळेत चालवला. वरच्या वर्गातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी हा मार्ग योग्य म्हणता येईल. शाळेत त्याची गरज नाही. शाळेत गरज आहे ती कायद्याची आणि विवेकाची. 'आय लव्ह यू' ज्याच्या हातून पसरला, तो मनिलातल्या महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमवरचा त्याचा प्रबंध-प्रस्ताव महाविद्यालयाने नाकारला होता. त्या वेळी फिलिपिन्समध्ये असे प्रोग्रॅम पसरवण्याविरुद्ध कायदाच नसल्याने त्याच्यावर खटला टिकला नाही. भारतात मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 आणि 66 नुसार दुसऱ्याच्या संगणकात लबाडीने व्हायरस सोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हुशार मुलाची जिज्ञासा नुसती नाकारून भागत नाही. तिला रक्षणाचे काम द्यावे लागते.

ते काम देण्याची रीत केरळने दाखवली आहे. तिथे जानेवारी 2018 मध्ये 'लिटल काइट्स' हे शाळकरी मुलांचे आयटी क्लब सुरू झाले. त्यांत सायबर सुरक्षा हा शिक्षणाचा भाग आहे, आणि 2022 मध्ये याच मुलांनी आयांना सुरक्षित इंटरनेट वापराचे प्रशिक्षण दिले. मध्य प्रदेश पोलिसांनीही फेब्रुवारी 2025 मध्ये 'सेफ क्लिक' ही जागृती मोहीम राबवली. मोहीम संपते, पण अभ्यासक्रम दरवर्षी नव्या मुलांपर्यंत पोचतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्यांतला एक या प्रात्यक्षिकांना देणे खर्चाचे नाही.

मंडळाने नववी ते बारावीच्या संगणकविषयक प्रात्यक्षिक परीक्षेत तीन गोष्टींना गुण द्यावेत : फाइलचे खरे एक्स्टेन्शन ओळखणे, पेनड्राइव्ह उघडण्याआधी तपासणे आणि पुसलेली माहिती बॅकअपमधून परत आणणे. ज्याला गुण असतात ते शाळांत शिकवले जाते. येत्या सत्राच्या गुणयोजनेत हा बदल व्हावा, ही नेहरू नगरच्या पालकांच्या वतीने मंडळास विनंती.

कळावे,
एक पालक
नेहरू नगर, भोपाळ